इंग्रजी शब्द पाठ होतात पण ऐनवेळी तोंडात येत नाहीत, त्यासाठीची पूर्ण पद्धत

माझ्याकडे एक दोनशे पानी वही होती. डिक्शनरी उघडून 'ए' पासून उतरवलेले शब्द, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, मध्ये लाल पेनची रेघ, रोज वीस शब्द. पाच-सहा महिने मी हे अगदी नेमानं केलं. मग एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, 'हाऊ डिड यू फाइंड द ट्रेनिंग?' म्हणजे ट्रेनिंग कसं वाटलं, आणि मी सांगायला लागले की पेपरात जाहिरात बघितली, मग फोन केला, मग नाव नोंदवलं. त्या जरा थांबल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. 'फाइंड' मला शाळेपासून येत होता, पण येत होता म्हणजे 'फाइंड म्हणजे सापडणे' एवढंच येत होतं. वहीत 'अबँडन', 'अबेट', 'ॲब्स्टेन' सगळे होते आणि रोज कानावर पडणारा शब्द मात्र अर्धाच माहीत होता.

त्यानंतर मी पद्धतच बदलली आणि आता इतरांना शिकवताना पण तीच वापरते. माणसाशी ओळख होते तशीच शब्दाशी व्हावी लागते. नुसतं नाव कळलं म्हणून ओळख होत नाही, चार वेगवेगळ्या ठिकाणी गाठ पडते, त्याची उठबस कोणाबरोबर आहे ते कळतं, मग कुठे आपण त्याला हक्काने हाक मारतो. खाली जे सांगतेय ते सगळं ह्याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी आपण कुठं आहोत ते बघा

तुम्हाला ज्या विषयात रस आहे त्यातलं एक इंग्रजी पान घ्या आणि सलग १०० शब्द मोजा. माणसांची आणि गावांची नावं धरू नका. जे शब्द अडले त्यांच्याखाली पेन्सिलने रेघ मारा. १०० मध्ये एक-दोन अडले तर ते पान तुमच्या लेव्हलचं आहे, पाच अडले तर डिक्शनरी शेजारी ठेवून जमेल पण दमायला होईल, आणि दहाच्या पुढे गेलं तर ते आत्ता बाजूला ठेवा, सहा महिन्यांनी परत उघडा. हा दोनचा आकडा मी हवेतून काढलेला नाही. हू आणि नेशन ह्या दोन अभ्यासकांनी २००० साली हेच तपासलं होतं आणि कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल तर १०० पैकी साधारण ९८ शब्द आधीच माहीत असावे लागतात असं त्यांना दिसलं. त्यामुळे 'मी पेपर वाचायला घेतो पण दोन दिवसांत सुटतो' ह्यात आळस वगैरे काही नसतो, पान जड असतं एवढंच.

आता दुसरी टेस्ट, आणि ही जास्त महत्त्वाची. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि काल दिवसभर काय केलं ते दोन मिनिटं इंग्रजीत सांगा. अडलात तर थांबा, पण बंद करू नका. मग ऐका आणि नक्की कुठं अडलात त्या जागा कागदावर लिहून काढा, मराठीतच. 'रांगेत ताटकळलो', 'ऐनवेळी रद्द झालं', 'चार्जर सापडेना' असलं काहीतरी निघेल. हा कागद आणि हे रेकॉर्डिंग जपून ठेवा, पुढं लागणार आहे.

वाचताना कळणारे शब्द आणि बोलताना सुचणारे शब्द ह्यांचे साठे वेगळे असतात, दुसरा नेहमीच लहान असतो, सगळ्यांचाच, मातृभाषेत सुद्धा.

कुठले शब्द आधी घ्यायचे

इंग्रजीच्या शब्दांना अंत नाही. ऑक्सफर्डच्या सगळ्यात मोठ्या डिक्शनरीची १९८९ ची आवृत्ती २० खंडांची आहे. पण सगळे शब्द सारखे कामाला येत नाहीत, थोडे शब्द प्रचंड राबतात आणि बाकीचे कधीतरी तोंड दाखवतात. मायकल वेस्ट ह्यांनी १९५३ साली सुमारे २००० शब्दांची यादी छापली होती, आणि साध्या लिखाणातला जवळपास ८० टक्के मजकूर त्या यादीतच बसतो असं नंतरच्या मोजणीत दिसलं. २०१३ साली त्याच धर्तीवर सुमारे २८०० शब्दांची नवीन यादी आली, ती इंटरनेटवर सहज मिळते. कॉलेजच्या इंग्रजी पुस्तकांसाठी वेगळी यादी आहे, ॲव्हरिल कॉक्सहेड ह्यांची, २००० सालची, त्यात ५७० शब्द-कुटुंबं आहेत. शब्द-कुटुंब म्हणजे 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसायसिव्ह' हे सगळे मिळून एक.

पुढचा पल्ला पण सांगून ठेवते. पॉल नेशन ह्यांच्या २००६ सालच्या हिशोबाप्रमाणे पेपर आणि कादंबऱ्या मदतीशिवाय वाचायला ८ ते ९ हजार शब्द-कुटुंबं लागतात, आणि बोललेलं समजायला ६ ते ७ हजार. आकडा ऐकून घाबरू नका. रोज ८ नवीन शब्द धरले आणि वर्षातले ६० दिवस बुडाले असं धरलं तरी २४४० शब्द होतात, म्हणजे पहिली यादी एका वर्षात पार.

क्रम असा ठेवा. आधी त्या दोन-अडीच हजारांच्या यादीवरून बोट फिरवा आणि प्रत्येक शब्दापाशी स्वतःला विचारा, हा शब्द घालून मी आत्ता एक वाक्य म्हणू शकते का? म्हणता आलं नाही तर त्यावर खूण. 'माहितीये मला' असं म्हणून पुढं जाऊ नका, मी 'फाइंड'ला हेच केलं होतं. ती यादी बसली की मग तुमच्या कामाचे शब्द, अकाउंट्समध्ये असाल तर तिथले, नर्सिंग शिकत असाल तर तिथले. आणि मग वाचता-ऐकता जे भेटतील ते. अवघड-अवघड शब्दांच्या ज्या याद्या स्पर्धा परीक्षेसाठी फिरतात त्या परीक्षा द्यायची असेल तरच घ्या. पाया कच्चा असताना ते शब्द शिकण्यात जो वेळ जातो तो बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण मेहनत पूर्ण असते आणि हाती काही लागत नाही.

छोट्या शब्दांना कमी लेखू नका

मराठीतला 'लागणे' घ्या. भूक लागते, झोप लागते, आग लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, ठेच लागते, दार लागतं, नाद लागतो, मन लागत नाही, आणि वर 'ती रडायला लागली'. आपल्याला हे कोणी शिकवलं नाही, पण मराठी शिकणाऱ्या माणसाला हा एक शब्द महिनाभर पुरेल. इंग्रजीत 'गेट', 'टेक', 'फाइंड', 'कीप', 'टर्न', 'रन' हे असेच आहेत. आणि 'बोलून टाकलं', 'बोलून बसला', 'बोलून दाखवलं' ह्यात जसा शेवटच्या शब्दाने अख्खा भाव बदलतो, तसाच 'टर्न डाऊन', 'टर्न अप', 'टर्न आउट' मध्ये बदलतो. एक नाकारणे, एक हजर होणे, एक शेवटी तसं निघणे.

हे शिकायचे कसे, तर 'गेट'चे तीस अर्थ एका पानावर लिहून अजिबात नाही. प्रत्येक अर्थ हा नवीन शब्द आहे असं समजा आणि भेटेल तसा एकेक घ्या. 'आय फाउंड इट बोअरिंग', मला ते कंटाळवाणं वाटलं, हे एक कार्ड. 'वी रॅन आउट ऑफ टाइम', आमचा वेळच संपला, हे दुसरं कार्ड. 'पुट ऑफ' म्हणजे पुढं ढकलणे, हे तिसरं, आणि तेही आठवड्याने.

एक शब्द नीट घेऊन दाखवते

समजा वाचताना 'रिलक्टंट' भेटला. वाक्य होतं, 'ही वॉज रिलक्टंट टू साइन द पेपर्स.' डिक्शनरीत मराठी अर्थ मिळतो 'नाखूश, अनिच्छुक'. आता 'अनिच्छुक' हा शब्द मी स्वतः शेवटचा कधी बोलले? मग तो इंग्रजी शब्दाला काय चिकटणार. आपल्या बोलण्यातला शब्द शोधा, 'का-कू करणे', 'आढेवेढे घेणे'. तो कागदांवर सही करायला का-कू करत होता. झालं, आता डोळ्यापुढं माणूस आला, पेन हातात घेऊन बसलाय आणि सही करत नाहीये.

मग बघायचं की ह्या शब्दाच्या पुढं काय येतं. 'रिलक्टंट टू साइन', 'रिलक्टंट टू टॉक', म्हणजे 'टू' आणि क्रियापद. हे शब्दाबरोबरच लिहायचं, वेगळं ग्रामर म्हणून नाही. मग घरातली माणसं, 'रिलक्टन्स' म्हणजे तो आढेवेढा, 'रिलक्टंटली' म्हणजे नाइलाजाने, 'शी रिलक्टंटली अग्रीड', तिनं हो-ना करत होकार दिला. मग जोर कुठं आहे, मधल्या 'लक्' वर. आणि शेवटी माझं स्वतःचं, खरं घडलेलं वाक्य: 'आय वॉज रिलक्टंट टू कॉल हर आफ्टर द फाइट', भांडणानंतर तिला फोन करायला माझं मन होत नव्हतं. स्वतःचं वाक्य खरं असलं ना की ते विसरायला होत नाही, म्हणून 'राम इज रिलक्टंट' छाप वाक्य करू नका.

ह्या सगळ्याला चार-पाच मिनिटं लागतात. म्हणूनच दिवसाला ८ च्या वर नको म्हणते, खरं तर सुरुवातीला ५ पुरे. आणि प्रत्येक शब्दाला एवढा वेळ द्यायचाही नसतो, 'विंडोसिल' सारख्या वस्तूच्या नावाला एक चित्र बघितलं की काम झालं.

कार्ड आणि पाच डबे

हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती दिवसांनी किती उरतात ते मोजायचं. पहिल्याच दिवसात सगळ्यात मोठा भाग निसटतो, मग गळती हळूहळू कमी होत जाते, आणि अंतर ठेवून उजळणी केली की कमी मेहनतीत जास्त टिकतं. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर ह्यांनी ह्यावरून कार्ड आणि डब्यांची पद्धत सांगितली, ती आजही एक नंबर आहे.

पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे जाड कागद कापा. पुढच्या बाजूला मराठी वाक्य, 'तो सही करायला का-कू करत होता', आणि त्याखाली इंग्रजी वाक्य, पण मुख्य शब्दाच्या जागी रिकामी जागा आणि फक्त पहिलं अक्षर. मागच्या बाजूला पूर्ण इंग्रजी वाक्य आणि जोराची खूण. म्हणजे प्रश्न मराठीतून, उत्तर इंग्रजीतून. बरेच जण उलटं करतात, इंग्रजी बघून मराठी अर्थ आठवतात, त्यानं वाचन सुधारतं पण बोलताना शब्द सुचत नाही, कारण बोलताना आपण मराठीकडून इंग्रजीकडेच जात असतो.

पाच डबे किंवा पाच पाकिटं घ्या. पहिला रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ, पाचवा सोळा दिवसांनी. नवीन कार्ड पहिल्यात. बरोबर आलं की पुढच्या डब्यात, चुकलं की सरळ पहिल्यात, मग ते चौथ्यातलं असलं तरी. पाचव्यातूनही बरोबर आलं की रबर लावून कपाटात, आणि तीन महिन्यांनी एकदा त्या गठ्ठ्यावरून हात फिरवायचा. कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्यानं म्हणायचंच, आणि आठवत नसेल तर निदान दहा सेकंद झगडायचं. हे झगडणंच कामाचं असतं. रोडिगर आणि कार्पिके ह्यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपण वहीवरून नजर फिरवतो आणि वाटतं की येतंय सगळं, ते ह्यामुळेच फसवं असतं.

कागद नको असतील तर ॲप आहेत, अँकी त्यातलं जुनं आणि भरवशाचं, २००६ पासून आहे. अंतर तेच ठरवतं. फक्त एक विनंती, दुसऱ्यानं केलेले पाच हजारांचे तयार गठ्ठे घेऊ नका. कार्ड बनवताना जो विचार होतो त्यातच अर्धं शिकणं होऊन जातं. आणि चार दिवस बुडाले तर नवीन शब्द बंद ठेवून आधी साचलेलं संपवा, नाहीतर डोंगर बघून माणूस ॲपच उघडेनासा होतो, हे मी कितीतरी जणांचं पाहिलंय.

काही शब्द मात्र हट्टी असतात, पाच-सहा वेळा पहिल्या डब्यात परत येतात. त्यांच्यासाठी आवाजाची युक्ती करा. ॲटकिन्सन आणि रॉ ह्यांनी १९७५ मध्ये रशियन शब्दांवर ती वापरून दाखवली होती, नवीन शब्दासारखा ऐकू येणारा आपल्या भाषेतला शब्द घ्यायचा आणि दोघांचं मिळून एक चित्र करायचं. माझा हट्टी शब्द होता 'गलिबल', सहज फसणारा. मी त्याला 'गळ' लावला. गळाला लागणारा मासा तो गलिबल. परत कधी चुकला नाही. पण प्रत्येक शब्दाला असं करत बसू नका, दहातल्या एखाद्यालाच.

सारखे दिसणारे शब्द एकत्र शिकू नका

शाळेत समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द जोडीनं शिकवतात, त्यामुळे आपल्याला ते बरोबरच वाटतं. पण नवीन शब्दांच्या बाबतीत ह्यानं गोंधळ वाढतो, टिंकम ह्यांनी १९९३ मध्ये केलेल्या प्रयोगांत अर्थाने जवळचे शब्द एकत्र दिले तर शिकायला उशीर लागतो असंच दिसलं. 'लेंड' आणि 'बॉरो' एकाच दिवशी घेतले की पुढची दोन वर्षं बोलताना थांबावं लागतं, उसने देणे कुठला आणि घेणे कुठला. तेव्हा आधी 'बॉरो' घ्या, 'कॅन आय बॉरो युअर पेन', हे जिभेवर बसू दे, आणि दोन-तीन आठवड्यांनी 'लेंड'. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' चं पण हेच.

शब्द त्याच्या सोबत्यांसकट उचला

जे. आर. फर्थ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये म्हटलं होतं की शब्द कोणाच्या संगतीत असतो त्यावरून त्याची ओळख पटते. मराठी माणसाच्या इंग्रजीत सगळ्यात जास्त चुका मला इथंच दिसतात, शब्द दोन्ही बरोबर असतात पण जोडी मराठीतून आलेली असते. आपण निर्णय घेतो, इंग्रजीत तो 'मेक' होतो, 'मेक अ डिसिजन'. आपण परीक्षा देतो, तिकडे ती 'टेक' करतात, आणि 'गिव्ह' केली की ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही पेपर काढणारे आहात. चूक आपण करतो म्हणून 'डू मिस्टेक' तोंडात येतं, पण ते 'मेक अ मिस्टेक'. लक्ष देतो, तिथं लक्ष 'पे' करतात, 'पे अटेन्शन'. खोटं बोलतो, तिथं 'टेल अ लाय'. पाऊस जोराचा म्हणून 'स्ट्राँग रेन' नाही, 'हेवी रेन', वारा मात्र 'स्ट्राँग विंड'. का असं, ह्याला उत्तर नाही, जसं ऊन 'पडतं' आणि वारा 'सुटतो' ह्याला नाही.

म्हणून नाम लिहिताना त्याच्या मागे क्रियापद आणि विशेषण लिहायची सवयच लावा. 'डिसिजन' असं कार्ड करायचंच नाही, 'मेक अ टफ डिसिजन' असं करायचं. 'डिपेंड' नाही, 'डिपेंड ऑन'. बोलताना मग तीन शब्द एका दमात येतात आणि मध्ये अडखळणं कमी होतं, प्रवाहीपणा म्हणतात तो बऱ्याच अंशी ह्यातूनच येतो. नवीन शब्दाचे सोबती कुठं मिळतील तर लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे परभाषिकांसाठी केलेल्या डिक्शनरीत. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी बघून केलेली अशी डिक्शनरी १९४२ मध्ये तिथंच छापली गेली आणि पुढं १९४८ मध्ये ऑक्सफर्डने ती काढली. अशा डिक्शनरीत अर्थ मोजक्या सोप्या शब्दांत असतो, खाली वाक्यं असतात, जोड्या ठळक छापलेल्या असतात. गूगलवर नुसतं भाषांतर बघून ह्यातलं काहीच मिळत नाही.

शब्दाचे तुकडे, आणि ते कुठं दगा देतात

'हार' ला उपसर्ग लावून आहार, विहार, प्रहार, संहार होतात हे आपण शाळेत शिकलोय. इंग्रजीत लॅटिनमधून आलेला 'पोर्ट' तसाच आहे, वाहून नेणे. इम्पोर्ट आत आणणे, एक्स्पोर्ट बाहेर नेणे, ट्रान्सपोर्ट इकडून तिकडे, पोर्टेबल नेता येण्यासारखं, आणि सपोर्ट म्हणजे खालून उचलून धरणे. असे वीस-पंचवीस तुकडे आले की अनोळखी शब्द अर्धा ओळखीचा वाटतो. पण अंदाज तपासा. 'इनफ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं असं वाटतं, अर्थ आहे पटकन पेटणारं. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नाही, अनमोल.

अजून एक. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढं फ्रेंच शब्दांचा लोंढाच आला, नंतर लॅटिनचाही, त्यामुळे एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द आहेत. 'आस्क' घरचा, 'इन्क्वायर' दरबारी. 'बाय' आणि 'परचेस', 'हेल्प' आणि 'असिस्ट', 'स्टार्ट' आणि 'कमेन्स'. आपल्याकडे 'विचारणे' आणि 'पृच्छा करणे' असतं ना, तसंच. मित्राशी बोलताना 'कमेन्स' वापरणं म्हणजे 'मी पृच्छा करतो' म्हणण्यासारखं आहे. कार्डाच्या कोपऱ्यात 'बोली' किंवा 'लेखी' असं एक अक्षर टाका, बोलायला कायम छोटा शब्द घ्या.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द

हे आपलं मोठं भांडवल आहे, शेकडो शब्द आपण आधीच वापरतोय, फक्त काहींचा अर्थ आपल्याकडे येऊन बदललाय. 'मला एक डाऊट आहे' म्हणतो तेव्हा आपल्याला प्रश्न विचारायचा असतो, तिकडे 'डाऊट' म्हणजे विश्वास वाटत नाही, म्हणून 'आय हॅव अ क्वेश्चन'. 'लाईट गेली' ला 'द पॉवर इज आउट'. 'हॉटेलात जेवलो' ला 'रेस्टॉरंट'. कॉलेजमधून 'पासआउट' झालो म्हटलं की ऐकणाऱ्याला तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटू शकतं, 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. आठवडाभर स्वतःच्या मराठी बोलण्यातले असे शब्द टिपा आणि एकेक लर्नर्स डिक्शनरीत बघा.

उच्चाराचं पण ह्यालाच जोडून. शब्द वहीत कायम इंग्रजी स्पेलिंगमध्येच लिहा, शेजारी देवनागरी उच्चार लिहिला की तो कायमचा तसाच बसतो. डिक्शनरीतल्या स्पीकरवर दोनदा ऐका, मागोमाग म्हणा आणि जोर कुठं आहे त्यावर खूण करा. 'फोटोग्राफ' मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, 'फोटोग्राफी' मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक' मध्ये तिसऱ्यावर. मराठीत आपण असा जोर फिरवत नाही, त्यामुळे इथं कान मुद्दाम उघडा ठेवावा लागतो.

वाचन, पण एकाच विषयात

कार्डांनी शब्द ओळखीचा होतो, मुरतो तो वाचनात. पहिले तीन महिने एकच विषय धरा, क्रिकेट, बागकाम, शेअर मार्केट, काहीही. एकाच विषयात तेच शब्द परत परत समोर येतात, आपोआप उजळणी होते. लेव्हलप्रमाणे सोपी केलेली पुस्तकं मिळतात, ग्रेडेड रीडर्स म्हणतात, ती लहान मुलांची नसतात, बिनधास्त घ्या. आणि प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नका. पहिल्यांदा भेटला, अंदाज करा आणि पुढं जा. दुसऱ्यांदा भेटला, टिंब द्या. तिसऱ्यांदा भेटला की बघा, तो शब्द कार्डाच्या लायकीचा आहे.

आता तोंडात आणायचे

सुरुवातीचा तो कागद काढा, 'ताटकळलो', 'ऐनवेळी रद्द झालं'. माझ्या मते सगळ्यात मोलाची यादी हीच असते, कारण हे शब्द तुम्हाला खरंच हवे होते. ह्यातले रोज दोन शोधा. 'ऐनवेळी' ला 'ॲट द लास्ट मिनिट', 'इट वॉज कॅन्सल्ड ॲट द लास्ट मिनिट'. 'ताटकळलो' ला 'आय वॉज केप्ट वेटिंग'. आणि यादी चालूच ठेवा, दिवसभरात कुठंही इंग्रजी बोलताना शब्द हुकला की मोबाईलमध्ये मराठीत टिपून ठेवायचा, रात्री बघायचं.

रात्री डब्यातली कुठलीही तीन कार्डं काढून ते तिन्ही शब्द घालून दिवसाबद्दल एक मिनिट बोला. भिंतीशी बोला, चालेल, पण आवाज निघाला पाहिजे, मनात नाही. आठवड्यातून एकदा एक लांब व्यायाम करा. चांगल्या इंग्रजीतला सहा-सात ओळींचा उतारा घ्या, प्रत्येक वाक्याचे एक-दोन मुद्दे टिपा, दोन-तीन दिवस बाजूला ठेवा, मग त्या मुद्द्यांवरून उतारा परत लिहा आणि मूळ उताऱ्याशी ताडून बघा. बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी आपलं इंग्रजी असंच घडवलं होतं, आणि आपल्याकडे शब्दांचा साठा कमी आहे हे त्याला ह्याच तुलनेत कळलं, ती त्याची मातृभाषा असून. तुमच्या वाक्यात आणि मूळ वाक्यात जो फरक सापडेल ते पुढच्या आठवड्याचं कार्ड.

दिवसाचं गणित असं, सकाळी दहा-पंधरा मिनिटं डबे, दिवसभरात कधीही पंधरा मिनिटं वाचन, रात्री वीस-पंचवीस मिनिटं नवीन शब्द आणि ते एक मिनिट बोलणं. नवीन शब्द रात्री आणि उजळणी सकाळी, हे मला जमलं, तुम्हाला उलटं जमत असेल तर उलटं करा. रविवारी नवीन शब्द नाहीत, फक्त तो उतारा.

तीन महिन्यांनी तोच विषय, काल दिवसभर काय केलं, परत दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि मग जुनं आणि नवीन लागोपाठ ऐका. नव्या रेकॉर्डिंगमध्ये पण अडाल, पण जागा वेगळ्या असतील. त्या जागा नवीन कागदावर उतरवा, मराठीत, पुढच्या तीन महिन्यांची यादी तीच.